वेड्याच्या इस्पितळाची भीती : कुठून आली आणि कशाने जाईल?

"याला येरवड्याला पाठवा." "हा ठाण्याहून सुटून आला की काय?" अशी वाक्ये आपण चाळीत ऐकतो, कारखान्याच्या पाळीवर ऐकतो, शाळेच्या पटांगणात आपली मुलेही बोलतात. नागपुरात 'पागलखाना चौक' म्हटले की रिक्षावाल्याला वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. उत्तरेकडचे लोक आग्र्याचे नाव घेतात, बिहारकडचे रांचीचे. गावे वेगळी असली तरी थट्टा एकच असते. पण हसणाऱ्याच्याच घरात एखादे माणूस खरोखर आजारी पडले, म्हणजे हसू थांबते आणि त्याच गावांच्या नावाने अंगावर काटा उभा राहतो.

हा आजार घरात कसा शिरतो हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कामावर नीट जाणारा मुलगा रात्र रात्र जागू लागतो. कोणी आपल्याबद्दल बोलते आहे असे त्याला वाटते. तो ताट पुढे सारतो, त्यात काही कालवले आहे म्हणतो. कुठे बाळंतपणानंतर सून गप्प होते, लेकराला जवळ घेत नाही. मग शेजारची म्हातारी सांगते, "बाहेरचे दिसते, दाखवून घ्या." १९५६ नंतर आपण देव्हारे उचलले खरे, पण पुष्कळ घरांत देव गेला तरी देवऋषी मागच्या दाराने येतच राहिला. लिंबू, अंगारा, गंडादोरा यांत महिने जातात, आईचे डोरले सावकाराकडे जाते. शेवटी कोणी जाणता माणूस म्हणतो, "मेंटल हॉस्पिटलला न्या," तेव्हा तीच आई हात जोडते, "तिथे नको. तिथे गेलेला परत येत नाही."

आम्हाला आज या शेवटच्या वाक्याबद्दल लिहायचे आहे. या आईला अडाणी म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. तिची भीती तिच्या आजीकडून आली आहे, आणि आजीच्या काळात ती भीती खरीच होती. ती कशी तयार झाली, विसाव्या शतकाच्या मध्यावर तिच्यात काय बदल झाला आणि आज आपल्या हातात काय आहे, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

तुरुंगाच्या शेजारचे घर

इंग्रजांच्या राज्यात या इस्पितळांना 'ल्युनॅटिक असायलम' म्हणत. आपल्या लोकांनी त्याचे सरळ नाव ठेवले, वेड्यांचे इस्पितळ. आज महाराष्ट्रात असलेल्या चार मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे आणि ठाण्याचे १९०१ चे. मुंबईत कुलाब्याला असलेले रुग्ण हलवून येरवड्याचे मोठे रुग्णालय पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. पुढे ते खाटांच्या संख्येने आशिया खंडातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणले गेले. त्याच्या मंजूर खाटा २,५४०, ठाण्याच्या १,८५०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५.

येरवडा हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणानेही माहीत आहे. १९३२ चा पुणे करार ज्या तुरुंगात झाला तो येरवड्याचाच. तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ एकाच गावाच्या नावाने ओळखले जावे, यात लोकांना काहीच वावगे वाटले नाही. वाटणार कसे? या इस्पितळांवरची देखरेख १९०५ पर्यंत तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकाकडे होती. त्यानंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. १९२० नंतरच्या काही वर्षांत पाट्यांवरचे 'असायलम' पुसून 'मेंटल हॉस्पिटल' असे लिहिले गेले. पाटी बदलली, पण उंच भिंती, गजांच्या खोल्या आणि कुलपे तशीच राहिली.

कायदाही त्याच घडणीचा होता. १९१२ चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे चालू होता. या कायद्याप्रमाणे रुग्णाला आत घ्यायचे म्हणजे बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. नातेवाइकाने अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहायचे. ज्याला घरदार नाही आणि जो रस्त्यावर भटकताना दिसला, त्याला पोलीस पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेत. आपणहून "मला बरे वाटत नाही, मला घ्या" असे म्हणत आलेल्यालाही इस्पितळाच्या दोन सरकारी पाहुण्यांची, म्हणजे 'व्हिजिटर्स'ची संमती लागे. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, पण मनाचा आजार झाला तर तो कोर्टात जात असे. गिरणीत काम करणारा, शेतावर राबणारा माणूस पोलीस आणि कोर्ट या दोन शब्दांना काय म्हणून ओळखतो, हे आम्ही सांगायला नको. मग त्याने घरच्या माणसाला मागच्या खोलीत बांधून ठेवले, तर त्यात एकट्या अंधश्रद्धेचा दोष होता काय?

रांचीला दोन इस्पितळे

या काळातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. रांचीजवळच्या कांके येथे १९१८ साली सरकारने युरोपियनांसाठी वेगळे मनोरुग्णालय उघडले. त्यात गोरे आणि अँग्लो-इंडियन रुग्ण घेतले जात. १९२५ साली त्याच परिसरात भारतीय रुग्णांसाठी दुसरे उभे राहिले. म्हणजे मन बिघडल्यावरही माणसांच्या दोन पंगती होत्या. नव्या उपचारांचे प्रयोग, रुग्णांना हातकाम शिकवण्याचे वर्ग, शिकलेले डॉक्टर यांचा लाभ आधी गोऱ्यांच्या पंगतीला मिळाला. विजेच्या झटक्याचा उपचार, ज्याला आपण 'शॉक' म्हणतो, तो १९४३ साली तिथे सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर गोऱ्यांच्या इस्पितळाचे दार सर्वांना उघडले. आज ते 'केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान' या नावाने चालते.

गावकुसाबाहेर राहण्याचा अर्थ ज्यांच्या वाडवडिलांनी भोगला, त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. उपचार कोणाला आणि कोंडणे कोणाला, हे तेव्हा आजार पाहून ठरत नव्हते.

भोर समितीचा आरसा

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचे, नोकरी आय.सी.एस.ची. १९४६ साली आलेला त्यांचा अहवाल आजही 'भोर समितीचा अहवाल' म्हणून ओळखला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली ती याच अहवालातून.

समितीने मनाच्या आजाराचा हिशेब मांडला तो असा. हजारी दोन माणसे जरी या आजाराने गांजलेली धरली, तरी त्या वेळच्या चाळीस कोटींच्या देशात आठ लाख रुग्ण होतात. आणि खाटा किती? साऱ्या देशात मिळून दहा हजारांहून थोड्या अधिक. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णांची एक खाट होती, तर आपल्याकडे सुमारे ४०,००० लोकांमागे एक. राज्य एकाच राजाचे होते, पण खाटांचा हिशेब मात्र दोन देशांना दोन होता.

इस्पितळांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचे काम रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांच्याकडे होते. त्यांनी जे पाहिले ते आडपडदा न ठेवता लिहिले. आपण पाहिलेल्या प्रत्येक इस्पितळात माणसांची लाजिरवाणी टंचाई आहे, बहुतेक इमारती जुनाट आहेत, त्या रुग्णाला कोंडून सांभाळण्यासाठी बांधल्या आहेत, बरे करण्याचा विचार त्यांत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुरुंगाची कळा असलेली आणि नव्याने बांधली पाहिजेत अशी जी इस्पितळे त्यांनी नावानिशी सांगितली, त्यांत लाहोर आणि आग्र्याबरोबर आपले ठाणे आणि आपले नागपूरही होते.

वाचकांनो, "तिथे गेलेला परत येत नाही" असे म्हणणाऱ्या आजीने हा अहवाल वाचला नव्हता. पण सरकारच्याच माणसाने जे कागदावर लिहिले, तेच ती आपल्या भाषेत सांगत होती.

औषध नव्हते तेव्हा

त्या काळी आत गेलेल्या रुग्णाला देण्यासारखे होते तरी काय? गुंगी आणणारी औषधे होती. उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णाला मुद्दाम हिवतापाची लागण करून ताप आणत. इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्ध करीत आणि पुन्हा साखर देऊन शुद्धीवर आणत. विजेचा झटका इटलीत १९३८ साली शोधला गेला. सुरुवातीच्या काळात तो भूल न देता दिला जाई, हातपाय धरायला माणसे लागत आणि कधी हाडही मोडे. 'शॉक' या शब्दाला आपण आजही दचकतो ते त्या दिवसांमुळे. मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापण्याची शस्त्रक्रियाही होती. पोर्तुगालच्या ज्या डॉक्टरने ती काढली त्याला १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले, आणि पुढे काही वर्षांतच तिचे दुष्परिणाम पाहून जगाने ती सोडून दिली.

डॉक्टर सगळे क्रूर होते असे आम्ही म्हणत नाही. शेकडो रुग्णांमागे एखाददुसरा डॉक्टर, हाताशी औषध नाही, आणि रुग्ण एकसारखे येतच आहेत, अशा वेळी कुलूप हेच औषध होऊन बसते.

फाळणीने या दुःखावर आणखी एक घाव घातला. पंजाबचे मोठे मनोरुग्णालय लाहोरला राहिले. देश, घरे, रेल्वेचे डबे वाटले गेले, तसे वेडे ठरवलेले लोकही वाटले गेले. १९५० साली तिकडचे शेकडो हिंदू आणि शीख रुग्ण इकडे आणले गेले आणि इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे पाठवले गेले. कोणालाही विचारले नाही. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेकसिंग' ही कथा याच अदलाबदलीवर आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी ग्रंथालयातून आणून वाचावी.

सर्पगंधेचे मूळ आणि पॅरिसची गोळी

आता बदलाची गोष्ट. तिची एक सुरुवात आपल्याच मातीत आहे. सर्पगंधा नावाच्या झुडपाचे मूळ पिढ्यान् पिढ्या वेडावर दिले जात असे. बिहारकडे त्याला लोक 'पागल की दवा' म्हणूनच ओळखत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर त्याचा उपयोग होतो असे लिहिले. १९४९ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्यातला अर्क वेगळा काढला. त्याचे नाव रिसर्पिन. न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाईन यांनी तो मनोरुग्णांना देऊन पाहिला. मने उदास करणारा त्याचा दुष्परिणाम पुढे दिसला आणि तो मागे पडला. परंतु मनाचा आजार गोळीने आटोक्यात येऊ शकतो, ही गोष्ट त्याने जगाला पटवली.

त्याच वेळी, १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना दिले गेले. वर्षानुवर्षे ओरडणारे, स्वतःला इजा करणारे रुग्ण शांत होऊ लागले, बोलू लागले. १९५० च्या दशकातच ते भारतात आले. हे औषध जादू नव्हते. अंग जड होणे, हात थरथरणे, तोंड कोरडे पडणे असे त्रास त्याने होत. ते बंद केले तर आजार पुन्हा उचल खाई. पण त्याने एक मोठी गोष्ट घडवली. जो रुग्ण आधी फक्त कोंडता येत होता, तो आता घरी ठेवता येऊ लागला.

दुसरा बदल जागेचा होता. मन तपासायला भिंतीआड जायचे कशाला, हा विचार आपल्याकडे थोडा आधीच सुरू झाला होता. कलकत्त्यात १९३३ साली डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी साध्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग काढला. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. नवी औषधे आल्यावर या विभागांना खरे बळ आले. केसपेपर काढायचा, डॉक्टरला दाखवायचे, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी यायचे. मॅजिस्ट्रेट नाही, पोलीस नाही. ज्या इमारतीत खोकल्याचा रुग्ण बसतो त्याच इमारतीत हाही बसतो. गरीब घराला हा बदल केवढा मोठा वाटला असेल!

शिकलेले डॉक्टर कुठून आणायचे हा प्रश्न उरला होता. त्यासाठी १९५४ च्या डिसेंबरात बंगळुरूला 'अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था' उघडली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. आज 'निम्हान्स' म्हणून जी संस्था प्रसिद्ध आहे ती हीच. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि पुढे परिचारिका इथून शिकून बाहेर पडू लागल्या.

अमृतसरचे तंबू

या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती अमृतसरची गोष्ट. तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. फाळणीनंतर रुग्णांची गर्दी आणि माणसांची टंचाई. दुसरा कोणी असता तर त्याने दार लावून घेतले असते. विद्यासागरांनी १९५० च्या दशकात उलटे केले. रुग्णाबरोबर आलेल्या आईला, बायकोला, भावाला ते म्हणाले, तुम्हीही इथेच राहा. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले गेले. रुग्ण आणि त्याचे घर एकाच तंबूत राहू लागले. स्वयंपाक घरच्या माणसाचा, औषध डॉक्टरचे.

डॉक्टर या कुटुंबांना एकत्र बसवून रोज बोलत. हा आजार आहे, शाप नाही, हे त्यांना समजेल अशा गोष्टी सांगून समजावत. गोळी का द्यायची, किती दिवस द्यायची, रुग्ण चिडला तर काय करायचे, हे लोक तिथे पाहून शिकत. शेजारच्या तंबूतला माणूस महिनाभरात बरा होऊन हसत घरी जाताना दिसला, म्हणजे या तंबूतल्या आईची भीती आपोआप ओसरे. रुग्ण लवकर सुटू लागले. आणि घरचे लोक त्यांना टाकून जाण्याचे प्रमाण कमी झाले, कारण कुटुंब मुळात दूर गेलेच नव्हते.

पाश्चात्त्य देशांत त्या काळी नातेवाइकाला इस्पितळाबाहेर ठेवण्याची रीत होती. पैशाच्या आणि माणसांच्या टंचाईतून आपल्याकडे वेगळी वाट निघाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या मनोरुग्ण केंद्रात आणि बंगळुरूच्या संस्थेने आपल्या वॉर्डांत पुढे हीच पद्धत घेतली. गरिबाच्या घरात पैसा नसतो, पण उशाशी बसणारे माणूस असते. विद्यासागरांनी त्या माणसाला औषधाइतके महत्त्व दिले.

कामगाराच्या घामाचा हक्क

आजारी पडलेल्या कामगाराला धर्मादाय नको, हक्क हवा, हा विचारही याच वर्षांतला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना १९४४ साली तयार करून दिली. तिच्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आपण तिला 'ई.एस.आय.' म्हणतो. या योजनेत दीर्घ आजारांची एक यादी आहे. क्षय, कर्करोग यांच्याबरोबर 'सायकोसिस' म्हणजे तीव्र मनोविकार हाही त्या यादीत आहे. नोकरीच्या अटी पूर्ण होत असतील तर अशा आजारात नेहमीपेक्षा अधिक काळ पगाराचा हिस्सा मिळू शकतो. पण किती कामगारांना हे माहीत आहे? बहुतेक जण "डोक्याचा आजार" सांगायला लाजतात, विनापरवाना गैरहजर राहतात आणि नोकरी गमावतात. ज्याच्याकडे ई.एस.आय. कार्ड आहे त्याने आपल्या दवाखान्यात हे स्पष्ट विचारावे.

जे बदलले आणि जे राहिले

पन्नास-साठच्या दशकात वाट सापडली, पण सरकार तिच्यावर फार हळू चालले. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो प्रत्यक्ष लागू झाला १९९३ साली. मनाच्या आजाराचा उपचार गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ साली ठरला, जिल्ह्यांत तो १९९६ पासून पोहोचू लागला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ साली मनोरुग्णालयांचा अहवाल काढला, तेव्हाही अनेक ठिकाणी तुरुंगाचीच कळा दिसली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला. उपचारापर्यंत न पोहोचलेला माणूस शेवटी कुठे पोहोचतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

२०१७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी घरातल्या मोठ्यांनी पाठच करून ठेवाव्यात. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. भूल दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचाराचा हक्क आहे, बेघरालाही आहे. कोणाची आर्थिक स्थिती, सामाजिक दर्जा, धर्म किंवा गट पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात लिहिले आहे. आपल्या राज्यात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, साखळदंडाने बांधणे, चटके देणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. भगत कितीही मोठा असो, कायदा त्याच्याहून मोठा आहे.

सगळे ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात रांग लांब असते, डॉक्टर थोडे असतात, गोळी कधी कधी बाहेरून घ्यावी लागते. बरे होऊनही ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशी माणसे मनोरुग्णालयांच्या वॉर्डांत म्हातारी झाली. त्यात सरकारचा दोष आहे तसा समाजाचाही आहे. बरा झालेला भाऊ घरी आणला तर बहिणीचे लग्न जमणार नाही, या भीतीपोटी त्याला तिथेच ठेवणारी घरे सगळ्या समाजांत आहेत. आपल्यातही आहेत.

घरात कोणी आजारी पडले तर

झोप उडाली, वागणे बदलले, माणूस स्वतःशी बोलू लागले, किंवा जगण्यात काही उरले नाही असे म्हणू लागले, तर आठवडे वाया घालवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाचा केसपेपर काढा. कुठे जायचे कळत नसेल तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ती चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. रुग्णाबरोबर घरचे एक ठरलेले माणूस दर वेळी जाऊ द्या, म्हणजे डॉक्टरला हकीकत नीट कळते. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका, जड वाटली तर डॉक्टरला सांगा. शॉक सुचवला तर घाबरून पळू नका. तो आता भूल देऊन देतात. का द्यायचा, किती वेळा द्यायचा, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि रुग्णासमोर "वेडा" हा शब्द कोणी उच्चारू नये. थट्टेतही नको.

आमच्या महिला मंडळांना आणि तरुण मंडळांना एक सूचना. क्षयाच्या किंवा रक्तदाबाच्या तपासणीसाठी आपण शिबिरे घेतो. त्याच शिबिरात एक टेबल मनोविकाराच्या डॉक्टरांसाठी ठेवा. बुद्धविहारातील रविवारच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी हा विषय घ्या. ज्याच्या घरी रुग्ण आहे अशा आईला बोलू द्या आणि बाकीच्यांनी ऐका. अमृतसरच्या तंबूंत याहून वेगळे काही घडत नव्हते. एका घराने दुसऱ्या घराला पाहिले, आणि भीती निम्मी झाली.

आजीची भीती तिच्या काळी खरी होती, म्हणून तिला नावे ठेवू नका. पण नातवाला तिच्या भीतीच्या हवाली करू नका. तिच्या वेळी डॉक्टरकडे कुलूप होते. आज त्याच्याकडे औषध आहे, आपल्याकडे कायदा आहे, आणि उशाशी बसणारे माणूस तर आपल्या घरात पूर्वीपासूनच आहे.